करंगळीचा कोपरा

करंगळी सवयीने कीबोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात गेली, तिथलं बटण तिने दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. निवडलेली ओळ उचलली गेलीच नाही, आणि जिथे ती चिकटवायची होती तिथे सकाळी कधीतरी उचललेलं भलतंच वाक्य येऊन पडलं. औषधांच्या साठ्यावर चालवायच्या कमांडच्या मधोमध त्याने बायकोला पाठवलेला निरोप उमटला होता, बल्ब आणतो, पण पिवळा की पांढरा ते एकदाच नीट सांग. शेजारच्या खुर्चीवरून पंडितने ते वाचलं. पंडित हे त्याचं खरं नाव नव्हतं. कुठलंही नवं यंत्र आलं की आधी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढायची त्याला खोड होती, म्हणून सगळे त्याला तसं म्हणत.  हसू लपवायला त्याने कप तोंडाला लावला. कप मघाशीच रिकामा झाला होता, आणि तो रिकामा आहे हे दोघांनाही माहीत होतं. बायकोचा निरोप असा उघडा पडल्याने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एवढ्याशा गोष्टीवर माणसाचं डोकं फिरू नये हे त्यालाही कळत होतं. पण सकाळपासून ही एवढीशी गोष्ट किती वेळा झाली होती, आणि दर वेळी करंगळी त्या कोपऱ्यात जाऊन हात हलवत परत येत होती, ओळखीच्या घराचं दार वाजवावं आणि आतून अनोळखी माणसाने कोण पाहिजे म्हणून विचारावं तशी.

कंपनीने सगळ्यांची यंत्रं बदलली होती. बाकीच्या विभागांची आधीच बदलून झाली होती. डेटाबेसवाल्यांची तेवढी राहिली होती, कारण त्यांचे प्रोग्रॅम जुन्या यंत्रणेवरच चालायचे. आता ते कारणही उरलं नाही असं विभागप्रमुख बाईंनी जाहीर केलं. त्या वयाने त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान, वागायला चांगल्या, कुणाला टाकून बोलत नसत. आणि त्यामुळेच त्यांच्यावर चिडायला नीटशी जागा मिळत नसे. नवे लॅपटॉप पातळ होते, चंदेरी होते, हाताला गार लागत होते. बटणं जवळपास तीच होती, पण त्यांची कामं इकडची तिकडे झाली होती. इतकी वर्षं करंगळी जे करत होती ते आता अंगठ्याने करायचं. पडद्यावरची खिडकी बंद करायचं चिन्ह उजव्या कोपऱ्यातून उठून डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. टचपॅडवर बोटं जरा वाकडी फिरली की समोरचं सगळं सरकत कुठेतरी निघून जायचं आणि रिकामं निळं आकाश दिसायचं. हे सगळं सांगून झाल्यावर बाई हसून म्हणाल्या होत्या की प्रश्न फक्त सवयीचा आहे, आठवडाभरात हात बसेल. सगळे हसले होते. तो हसला नव्हता, कारण हे दोन शब्द त्याने फार पूर्वी ऐकले होते, आणि ते ऐकताना त्याला यंत्राच्या तेलाचा वास आला होता.

तो वास अप्पांचा, त्याच्या वडिलांचा होता. अप्पा लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करत. कारखान्यातून आले की त्यांच्या खिशात तेल पुसायचं एक करड्या रंगाचं फडकं असे. तो पाच वर्षांचा असताना त्या फडक्याने अप्पांनी त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्याला बांधला होता. घट्ट नाही, दुखेल असा नाही. गाठ मारून झाल्यावर त्यांनी मध्ये बोट घालून पाहिलंही होतं की रक्त अडत नाही ना. मग पेन्सिल उजव्या हातात दिली आणि म्हणाले, बसेल हात. आणि हात बसला. उजव्या हाताचं त्याचं अक्षर पुढे सगळ्यांना आवडलं, पण ते पाहिलं की त्याला स्वतःला कायम वाटे, या अक्षरांनी श्वास रोखून धरलाय. रस्त्यात कुणी उजवीकडे वळा म्हणालं की अजूनही त्याचं पाऊल क्षणभर अडखळायचं. बायको त्यावर हसायची, म्हणायची, याला पत्ता सांगायचा म्हणजे आधी होकायंत्र हातात द्यावं लागतं. त्याने तिला कारण कधी सांगितलं नव्हतं. कारण सांगण्याजोगं त्याला ते वाटलंच नव्हतं. मग कॉलेजात पहिल्यांदा कीबोर्ड समोर आला, आणि तिथे कुणी विचारलं नाही की तू कुठल्या हाताचा. तिथे दोन्ही हात लागत. उजवा हात माउसवर पाहुण्यासारखा बसून राही आणि खरी कामं डावा करी. उचल, चिकटव, मागे घे, जपून ठेव, सगळं त्या एका कोपऱ्यातून, करंगळी तिथे टेकवून. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सुधारलंही नव्हतं. डेटाबेसच्या कामात लोक त्याच्या वेगाचं कौतुक करत तेव्हा तो मनात म्हणे, हा वेग त्या हाताचा आहे, जो तुम्ही बांधून ठेवला होतात, अप्पा. त्या हाताला जगात एवढीच जागा मिळाली होती, नखाएवढी. आणि आता तीही काढून घेतली. घेणाऱ्याला माहीतही नव्हतं की आपण काय घेतलं, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप येत होता.

पण हा संताप नुसता आजचा नव्हता, आणि नुसता लॅपटॉपचाही नव्हता. आदल्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अप्पा चिमणीला घेऊन बसले होते. चिमणी म्हणजे त्याची मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली. तिने डाव्या हाताने पेन्सिल उचलली, आणि अप्पांनी वहीवरची नजरही न हलवता ती हळूच काढून तिच्या उजव्या हातात ठेवली. पाटावरून घसरणारं भांडं सरळ करावं तसं. तो दारात उभा राहून पाहत होता. त्याने बूट काढले, न्हाणीघरात जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि बाहेर आला तेव्हा तो प्रसंग संपलेला होता. बायकोने सगळं पाहिलं होतं. ती स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात म्हणाली की शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलंय, चिमणी लिहिताना डावा हात बाकाखाली लपवते, आणि काही विचारलं तर गप्प बसते. आधी अशी नव्हती. मग म्हणाली, "तुझ्या अप्पांना तू सांग. मी सांगितलं की सून बोलली असं होतं." त्याने उद्या सांगतो म्हटलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझा उद्या मला माहितेय. तो उद्या आता चांगला म्हातारा झालाय." सकाळी निघताना ती पुन्हा काही बोलली नाही, फक्त बल्बची आठवण केली. आज सांगितलं नाही तर तीही बोलायची थांबेल, आणि मग चिमणीचा हात बसेल, हे त्याला जिना उतरताना अगदी स्वच्छ दिसलं होतं.

बल्बचं वाक्य पुसून त्याने काम पुन्हा सुरू केलं. काम साधं होतं. खोकल्याच्या एका औषधाचा एक गट, एक बॅच, बनवणाऱ्यांनी परत मागवला होता. कंपनी औषधांची घाऊक विक्री करायची, त्यामुळे गोदामातून तो गट बाहेर जाऊ नये म्हणून साठ्याच्या टेबलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींच्या तक्त्यात, तेवढ्यावर खूण करायची होती. असं काम करायची त्याची एक पद्धत होती आणि ती त्याने आजवर कधी मोडली नव्हती. आधी डेटाबेसला सांगायचं की मी बदल सुरू करतोय. मग बदल करायचा. मग थांबायचं, नीट पाहायचं, आणि मनासारखं असेल तरच पक्कं करायचं; नाहीतर सगळं मागे घ्यायचं. मधल्या वेळात ते टेबल त्याच्या ताब्यात असतं, दुसऱ्या कुणाला त्याला हात लावता येत नाही, म्हणून हा थांबा लहान ठेवायचा. त्याने बदल केला. पाहायला गेला तर बदल भलत्याच मोठ्या साठ्यावर झाला होता. ज्या अटीने तो एका गटापुरता राहायचा ती अट चिकटलीच नव्हती, कारण ती उचलायला करंगळी गेली होती. मागे घ्यायलाही करंगळीच गेली. घाईत टचपॅडवर बोटं घासली, पडदा सरकला, निळं आकाश आलं. तो परत आणायला गेला तर भलतीच खिडकी समोर आली. पंडितने शेजारून तीन बोटं एकत्र फिरवायची खूण केली, मुक्या माणसाशी करतात तशी. तेव्हा त्याने दात आवळले आणि डाव्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर जोरात दाबून खिडकीच बंद करून टाकली. जुन्या यंत्रावर असं केलं की प्रोग्रॅम विचारायचा, काम अर्धवट आहे, पक्कं करू की सोडून देऊ. सोडून दे म्हटलं की सगळं पूर्ववत. आज कुणी काही विचारलं नाही. खिडकी मुकाट नाहीशी झाली. चला, एक गोष्ट तरी सरळ झाली, असं त्याला वाटलं, आणि तो बाईंनी बोलावलेल्या बैठकीला गेला.

बैठक नव्या यंत्रांच्या अनुभवावरच होती. लोक बोलत होते, पडदा किती छान दिसतो, बॅटरी किती टिकते. पंडितने कुठलं बटण कुठे गेलं याचा तक्ता करून आणला होता आणि तो सगळ्यांना वाटत होता. पंडितनंतर बाईंनी त्याला विचारलं, तुमचं काय? तो म्हणाला, ठीक आहे. आयुष्यात ज्या ज्या वेळी विचारलं गेलं त्या त्या वेळी त्याने हेच उत्तर दिलं होतं. एकदा अप्पांनीही विचारलं होतं, गाठ सोडताना, दुखलं का रे. तेव्हाही तो ठीक आहे म्हणाला होता आणि अप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, आणि त्याला तो हात आवडला होता. हे आठवलं की त्याला सगळ्यात जास्त राग यायचा. समोर पडद्यावर कुणीतरी उत्साहाने काहीतरी फिरवून दाखवत होतं, आणि तो मनातल्या मनात अप्पांशी बोलत होता, कित्येक वर्षं घासून गुळगुळीत केलेली वाक्यं पुन्हा घासत होता. त्या वाक्यांत अप्पा नेहमी गप्प होत. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. गोदामातून होता. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. गोदामप्रमुख जुना माणूस, आवाज चढवत नसे, चिमटे काढी. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. गाड्या भरायच्या थांबल्यात, दवाखान्यांचे फोन येतायत, आणि माणसं हाताची घडी घालून बसलीत. तुमच्याकडे कुणी जागं असेल तर जरा उठवा."

तो सगळ्यांत आधी उठला. असल्या वेळी त्याला बरं वाटायचं. इथे त्याला कुणी शिकवायचं काम नव्हतं. जागेवर येऊन त्याने थेट सर्व्हरला विचारलं, कोण कुणामुळे अडलंय. उत्तर आलं. गोदामाच्या पडद्यांची लांबलचक रांग, प्रत्येक जण पुढच्यासाठी थांबलेला, पुढचा त्याच्या पुढच्यासाठी. रांगेच्या टोकाला एक जण, जो कुणासाठीच थांबलेला नव्हता. काही करतही नव्हता. नुसता साठ्याचं टेबल मुठीत धरून झोपला होता. आता त्याच्या मागे बाई, पंडित, आणखी कुणीकुणी येऊन उभे राहिले होते. तो मोठ्याने म्हणाला, "कोण गाढव आहे हे? टेबल धरून ठेवलंय आणि झोपलंय." मग तो बाजूच्या रकान्याकडे सरकला, जिथे त्या माणसाचं नाव असतं, आणि तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं. मागे कुणीतरी घसा साफ केला. त्याने पडद्याच्या तळाशी पाहिलं. मघाशी बंद केलेल्या प्रोग्रॅमचं चिन्ह तिथे होतं आणि त्याच्या खाली एक बारीक ठिपका होता. पंडित अगदी हळू, जवळजवळ माफी मागत म्हणाला की या यंत्रावर खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्रॅम बंद होत नाही, तो आत चालूच राहतो, पुस्तिकेत दिलंय. म्हणजे तो बैठकीत ठीक आहे म्हणत होता तेव्हाही इथे त्याची मूठ मिटलेली होती. ती उघडायचा आता एकच मार्ग होता. त्याने आपल्याच नावापुढचा आकडा लिहिला, त्याला संपवायची कमांड लिहिली, आणि ती चालवायला अंगठा नेला, करंगळी नव्हे. अर्धवट बदल मागे गेला आणि रांग भराभर मोकळी झाली. फोनवरून गोदामप्रमुख म्हणाला, आलं, आलं, जागे झाले वाटतं. बाई त्याच्या खांद्याशी वाकून समजुतीने म्हणाल्या, "होतं असं. सवय लागेपर्यंत होणारच." तो वळला आणि म्हणाला, "मला सवय लावून झालेली आहे. एकदा." आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाईंना काही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. पंडितने त्याच्या जागेवर बटणांचा तक्ता ठेवला, पालथा.

घरी जाताना त्याने बल्ब घेतला. पिवळा की पांढरा हे शेवटपर्यंत कळलंच नव्हतं, म्हणून दुकानदाराने जो पुढे केला तो घेतला. रस्त्याने चालताना डोक्यात वाक्यं फिरत होती, पण बैठकीतल्यासारखी गुळगुळीत नव्हती. त्यांना कडा आल्या होत्या. जिन्यात त्याच्या लक्षात आलं की आपण बल्बचं खोकं चेपून टाकलंय. दार बायकोने उघडलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि हातातलं खोकं न बोलता काढून घेतलं. आत जेवणाच्या टेबलाशी अप्पा आणि चिमणी बसले होते. पेन्सिल चिमणीच्या उजव्या हातात होती. डाव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. अप्पांनी तिला खेळ लावून दिला होता. मुठीत खोडरबर धरायचं, लिहून होईस्तोवर सोडायचं नाही. सोडलं की हरली. फडकं नव्हतं, गाठ नव्हती. अप्पा आता म्हातारे झाले होते आणि त्यांच्या हातून गाठी नीट बसत नसत. त्यांनी त्याहून चांगली युक्ती काढली होती.

"अप्पा, तिच्या हातातलं रबर काढून घ्या."

"खेळ आहे तो आमचा."

"काढून घ्या म्हणतोय ना."

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "कचेरीतला राग घरी कशाला आणतोस? बघ तरी, काय सुरेख क काढलाय. तुझ्यापेक्षा लवकर बसला हिचा हात."

"बसला नाही. तुम्ही बसवला. माझाही बसवलात."

स्वयंपाकघरात चालू असलेला नळ बंद झाला. अप्पांनी वही सरळ केली. मग म्हणाले, "मग? तुझं काय वाईट झालं?" टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि त्याच्याकडे, इतक्या वर्षांच्या तयारीनंतर, सांगण्यासारखं काही नव्हतं. कोपऱ्यातलं एक बटण? उजवीकडे वळताना अडखळणारं पाऊल? त्याची नोकरी होती, घर होतं, अक्षर चांगलं होतं.  अप्पा त्याच्याकडे न बघता बोलायला लागले. त्यांच्या शेजारच्या लेथवर एक डावखुरा होता, त्यांच्याच वयाचा, हुशार, गाणारा. यंत्राचा दांडा उजव्या हातासाठी केलेला. घाई झाली की तो डावा हात फिरत्या भागावरून आडवा नेऊन दांडा ओढायचा. सगळे सांगायचे, तो हसायचा. एक दिवस बाही अडकली. "हात मी फडक्यात गुंडाळून घेतला आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. परत बसवतील असं वाटलं होतं मला. मग घरी आलो, तर तू डाव्या हाताने चित्र काढत बसला होतास." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटायचं, तू माझ्याच जागेवर उभा राहणार."

ते फडकं. त्याला तो वास पुन्हा आला, आणि तेलाखाली दुसरा कसला तरी वास होता का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. राग गेला नाही. उलट आणखी वाढला, कारण आता तो कुणावर काढायचा हेच कळेनासं झालं; त्या गाणाऱ्या माणसावर काढता येत नव्हता, त्या दांड्यावर काढता येत नव्हता. तो म्हणाला, "हे मला सांगायचं होतंत."

"पाच वर्षांच्या पोराला?"

"नंतर. मी पंचवीसचा झालो तेव्हा. चाळीसचा झालो तेव्हा."

"तू कधी विचारलंस?" अप्पा म्हणाले. "तू तर ठीक आहे म्हणायचास."

"ही लेथवर जाणार नाही, अप्पा."

"हिच्या वेळी यंत्रं कशी असतील ते तुला काय माहीत?"

हे मात्र त्याला माहीत होतं. आज सकाळपासून तो तेच शिकत होता. म्हणून तो हळू बोलला, आणि त्याच्या आवाजाने बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "कशीही असोत. आज नीट असतील, उद्या कुणीतरी उलटी करेल. हात काय यंत्राच्या मापाने कापायचा का? तिच्या हाताला पुन्हा हात लावायचा नाही. गमतीनेसुद्धा नाही. तुम्हाला राग आला तरी चालेल." अप्पांना राग आला. त्यांची मान ताठ झाली, त्यांनी पेन्सिलचा डबा पुढे ढकलला. 

तो चिमणीसमोर वाकला. रबर दे म्हणाला. ती मान हलवून म्हणाली, सोडलं तर मी हरेन. तो म्हणाला, मग माझ्याकडे दे, मी धरतो, आणि न ठरवता डावा हात पुढे केला. तिने अप्पांकडे पाहिलं, मग रबर त्याच्या तळव्यावर ठेवलं. ते गरम होतं, ओलसर होतं, त्यावर तिची बोटं उमटली होती. आता लिही, तो म्हणाला, तुला हव्या त्या हाताने. ती विचारात पडली. तिने त्याच्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पेन्सिल उजव्या हातात घट्ट धरून आणखी एक क काढला, पहिल्याहून सुरेख, आणि शाबासकीसाठी मान वर केली. कुणीच काही बोललं नाही.  तेव्हा काहीतरी चुकलंय असं समजून तिने डावा हात, कुणी न सांगता, हळूच टेबलाखाली नेला.

तो जमिनीवर बसला आणि त्याने टेबलाखाली तो हात शोधला. मुठीत आता काही नव्हतं, तरी ती घट्ट मिटलेली होती. करंगळीपासून त्याने ती उघडायला सुरुवात केली.